शब्दाला शब्द : साहेब अर्धंच वाक्य बोलला आणि हसला

ह्या महिन्यात पत्रांचा ढीग बघितला तर निम्म्याहून जास्त प्रश्न गावावरून. म्हणजे गावाहून आलेले नव्हे, गाव ह्या विषयावरचे. मग म्हटलं बाकीचे बाजूला ठेवू आणि एकदाचं हेच उरकू. पहिलं पत्र मोठं आहे, त्याचं उत्तरही मोठं झालंय, चहा घेऊनच बसा.

प्रश्न : ताई नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला, घरी सोयाबीन आणि थोडी तूर. आता पाच वर्षं झाली अमेरिकेत आयोवा राज्यात डि मॉइनला आहे, इन्शुरन्स कंपनीत, आयटीमध्ये. मागच्या सप्टेंबरअखेर टीमबरोबर गाडीनं एका क्लायंटकडे निघालो होतो, वाटेत कॉफीला थांबलो तर शेजारीच सोयाबीनचं रान, पानं गळालेली, नुसत्या शेंगा लटकतायत. मला राहवेना. कडेला जाऊन एक शेंग तोडली, दाणा दाताखाली धरला, चावला, तर कट्ट वाजला नाही, म्हणून मी आपला सहज म्हणालो की अजून चार दिवस तरी काढणीला थांबायला पाहिजे. माझा मॅनेजर, गोरा, पन्नाशीचा, मोठ्यानं हसला आणि म्हणाला, 'वेल, यू कॅन टेक द बॉय आउट ऑफ द कंट्री...' आणि तिथंच थांबला. बाकीचेही हसले. मला वाटलं हा म्हणतोय की तुला तुझ्या देशातून काढून इथं आणलं तरी तू काय सुधारणार नाहीस. चार दिवस कामापुरतंच बोललो त्याच्याशी. बायको म्हणते एचआरकडे जा, मित्र म्हणतो सोड. पुढचं वाक्य काय आहे, आणि ही शिवी आहे का?

उत्तर : आधी एचआरचा मेल ड्राफ्टमध्ये असेल तर डिलीट करा, मग पुढचं वाचा.

पूर्ण वाक्य असं आहे : 'यू कॅन टेक द बॉय आउट ऑफ द कंट्री, बट यू कान्ट टेक द कंट्री आउट ऑफ द बॉय.' तुमची गाडी 'कंट्री' ह्या एका शब्दावर घसरली. शाळेत आपल्याला कंट्री म्हणजे देश एवढंच शिकवतात, इंडिया इज माय कंट्री वगैरे, आणि ते डोक्यात इतकं पक्कं बसतं की तिथं 'कंट्री' म्हणजे खेडं, रान, शेतीवाडीचा मुलूख असाही अर्थ असतो हे ध्यानातच येत नाही. ह्या वाक्यातली कंट्री ती आहे. भारताचा इथं काही संबंध नाही. पोराला खेड्यातून बाहेर काढता येतं, पण पोरातलं खेडं काढता येत नाही, एवढाच अर्थ.

आणि गंमत बघा, एकाच शब्दात देश आणि मुलूख दोन्ही, हे आपल्याला नवीन वाटायला नको होतं, कारण मराठीत सेम टू सेम आहे. कोकणातला माणूस 'देशावर गेलो होतो' म्हणतो तेव्हा तो घाट चढून वर सातारा-पुण्याकडे गेलेला असतो, पासपोर्ट लागत नाही त्याला. देशस्थ हा शब्दही त्याच देशातला. इंग्रजी कंट्रीचं मूळ लॅटिनमध्ये आहे, 'कोन्त्रा' म्हणजे समोर, त्यावरून समोर पसरलेली जमीन. म्हणजे मुळात डोळ्यांपुढचं रानच, झेंडा आणि सीमा नंतर आल्या.

आता साहेब अर्ध्यात का थांबला. ही म्हण इतकी घासलेली आहे की अमेरिकन लोक बहुतेक वेळा पहिला भाग बोलून खांदे उडवतात, पुढचं ऐकणाऱ्यानं मनात म्हणायचं. आपण नाही का 'जित्याची खोड...' म्हणून मान हलवतो आणि गप्प बसतो, तसंच. ह्या अर्ध्यावर सोडण्याचा एकानं पैसाही केलाय. 1960 च्या दशकात सेलम नावाच्या मेंथॉल सिगारेटची जाहिरात होती, त्यात ह्याच म्हणीत पोराच्या जागी सेलम घातलेलं आणि गाणं मध्येच तोडायचे, म्हणजे घरात बसलेला माणूस आपोआप उरलेली ओळ म्हणणार, आणि एकदा तोंडात बसली की बसली. कंट्री म्हणजे मोकळी हवा, हिरवं रान, हा भाव सिगारेट विकायला वापरला, काय म्हणायचं आता. 2 जानेवारी 1971 पासून अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती कायद्यानं बंद झाल्या, तेव्हा ते गाणंही गेलं, पण त्या वयाच्या माणसांना विचारून बघा, अजून म्हणून दाखवतील.

म्हण आहे अमेरिकन, रुळली ती मागच्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात. 1920 च्या जनगणनेत तिथं पहिल्यांदा शहरी लोक निम्म्याच्या वर गेले, 51 टक्क्यांच्या आसपास (आणि शहर म्हणजे तरी काय, अडीच हजार वस्तीच्या वरचं कुठलंही गाव, आपल्याकडे त्याला नुसती ग्रामपंचायत म्हणतील). म्हणजे घरटी एखादा पोरगा मका-डुकरं सोडून शिकागोला नाहीतर डेट्रॉइटला चाललेला, हॅट घातलेला, आणि रविवारी घरी आला की कोट काढून पहिला गोठ्यात. अशा काळात हे वाक्य लोकांच्या तोंडी बसावं ह्यात मला तरी काही नवल वाटत नाही. कल्पना मात्र फार जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन कवी होरेसनं शहरात रमणाऱ्या फुस्कस नावाच्या मित्राला पद्यात पत्र लिहिलं, मला गावच बरं असं सांगणारं, त्यात एक ओळ आहे की निसर्गाला दाताळं घेऊन हाकललंत तरी तो परत येतोच. दाताळं! खळ्यावरचं अवजारच आठवलं त्याला.

आता तुमचा खरा प्रश्न, शिवी आहे का. हे वाक्य कुणी, कुणाला, काय बघून म्हटलं ह्यावर सगळं आहे. स्वतःबद्दल म्हटलं तर त्यात लाडिक अभिमान असतो, बूट काढून गवतात चालणारा मोठा अधिकारी स्वतःच हसत म्हणेल. दुसऱ्याच्या कसबाकडे बघून म्हटलं तर कौतुक. आणि दुसऱ्याच्या खाण्यापिण्याला, कपड्यांना, उच्चारांना बघून म्हटलं तर टोमणा, सरळ टोमणा, हसून म्हटलं तरी. तुम्ही काय केलंत? दाणा दातानं चावून ओल सांगितलीत. आयोवात! मका पिकवण्यात अमेरिकेत पहिलं राज्य, सोयाबीनमध्ये पहिल्या दोनांतलं, पन्नाशीच्या आयोवाकर माणसाचे आजोबा-मामा कुणीतरी शेतकरी असण्याचीच शक्यता जास्त. त्यानं तुमच्यात आपला माणूस बघितला असणार हो. तिकडे एलिव्हेटरवर सोयाबीन घेताना 13 टक्के ओल प्रमाण धरतात (एलिव्हेटर म्हणजे इथं लिफ्ट नव्हे, धान्य साठवायची उंच कोठारं, हा अजून एक फसवा शब्द), आपल्याकडे हमीभावाचा नियम 12 चा, म्हणजे दाताचं मशीन दोन्हीकडे जवळपास सारखंच चालतं. फक्त एक, परक्या रानातली शेंग न विचारता तोडलीत ते तिकडे बरं दिसत नाही, इकडेही नाही खरं तर.

एका ठिकाणी मात्र खरंच सांभाळा. ह्या वाक्यातला 'बॉय'. अमेरिकेत काळ्या माणसाला, वय कितीही असो, बॉय म्हणून हाक मारायची घाण पद्धत गुलामगिरीपासून चालत आलेली, त्यामुळे काळ्या सहकाऱ्याला हे वाक्य गमतीत सुद्धा टाकू नका, तुमच्या मनात काही नसलं तरी त्याच्या कानात दोनशे वर्षं वाजतात. बाईला म्हणताना बॉयच्या जागी गर्ल घालतात, पण पन्नाशीच्या बाईला गर्ल म्हणायचं का हेही बघून घ्या. आणि कंट्रीच्या जागी काहीही बसतं, टेक्सस, ब्रुकलिन, आर्मी. असे साचे, ज्यात फक्त दोन शब्द बदलायचे, त्यांना भाषावाले 2004 पासून गमतीनं 'स्नोक्लोन' म्हणतात.

मराठीत काय म्हणायचं? पुष्कळ जण 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' देतात, काही कोश-बिश सांगणारे 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच' पर्यंत जातात. मला दोन्ही पटत नाहीत. ह्या दोन्हीत मूळ गोष्ट वाईट आहे असं आधीच ठरवलेलं, खोड काय, वाकडं शेपूट काय. इंग्रजी म्हणीत तसं काही ठरवलेलं नाही, तिची सगळी मजा त्यातच आहे. आणि 'काढता येत नाही' असं शब्दाला शब्द केलं तर दाढ काढल्यासारखं वाटतं. मी 'निघणे' वापरीन : माणूस गावातून निघतो, गाव माणसातून निघत नाही. ह्यात हिणवणंही बसतं आणि डोळ्यात पाणीही बसतं, म्हणणाऱ्याच्या आवाजावर आहे.

मी स्वतः बार्शीकडची. पुण्यात येऊन तीस वर्षं होऊन गेली, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, जूनमध्ये पहिला पाऊस झाला की स्टाफरूममध्ये सगळ्या जणी भजी आणि ट्रॅफिकवर बोलायच्या आणि मी घरी फोन लावून विचारायची, ओल किती गेली? वापसा झाला का? एकदा एका सहकारी बाईंनी विचारलं वापसा म्हणजे काय, तर समजावून सांगता सांगता तास बुडाला. पावसानंतर जमीन धड चिखल नाही धड कोरडी नाही, पेरायला, पाळी घालायला बरोब्बर झाली की वापसा. तर तुमच्या त्या साहेबाला एकदा हा शब्द शिकवा. आणि पुढच्या वेळी तो अर्ध्यात थांबला की उरलेलं अर्धं तुम्ही म्हणा.

प्रश्न : ताई, आमचा मुलगा दिवसभर इंग्रजी सिरीज बघतो. काल त्याला म्हटलं अभ्यास झाला का खरं सांग, तर मीच खोटं पकडलं आणि वर तोच मला म्हणतो, 'आई, आय नो, यू डिडन्ट जस्ट फॉल ऑफ द टर्निप ट्रक.' टर्निप म्हणजे सलगम ना? ट्रकमधून पडण्याचा काय संबंध? — एक आई, नाशिक

उत्तर : मुलगा हरला आणि तुम्हाला मानलं, एवढंच. खेड्यातून सलगमच्या ट्रकवर ढिगावर बसून शहरात आलेला, वळणावर धप्पकन पडलेला आणि आता तोंड उघडं टाकून उंच बिल्डिंगा बघणारा भोळा माणूस, हे चित्र आहे. सलगमच का, तर ते गरिबाचं आणि गुराढोरांचं खाणं, त्याला काही मान नाही. 'मी काही टर्निपच्या ट्रकवरून पडलो नाही' म्हणजे मला बनवू नका. तुम्ही नाशिककर, तुम्हाला कांद्याची ट्रॉली डोळ्यापुढे आणायला काय जड आहे.

मराठीत ह्याला सुंदर शब्द आहेत आणि त्यात खेड्याची चेष्टाही नाही : मी काय बोळ्यानं दूध पीत नाही. कापडाचा बोळा दुधात बुडवून तान्ह्या बाळाला पाजायचे, ते चित्र. दुधखुळाही तिथलाच. आपण भोळेपणा वयावर टाकला, अमेरिकेनं गावावर टाकला. (इंग्रजीत 'मी काही काल जन्मलो नाही' हेही आहे म्हणा, ते आपल्या जवळचं.) स्कॉटलंडात ग्लासगोचे लोक म्हणतात, मी काय केळ्यांच्या बोटीतून क्लाइड नदीत आलो का? जशी गावातली वाहतूक तशी म्हण. आमच्या बार्शीला असतं तर नॅरोगेजवरून पडला असता.

प्रश्न : मॅडम, ऑफिसात सगळे 'आय ॲम गोइंग टू माय नेटिव्ह' म्हणतात. लंडनच्या क्लायंटला मी असं लिहिलं तर त्यानं विचारलं, युवर नेटिव्ह व्हॉट? बरोबर काय?

उत्तर : त्याचं बरोबर आहे आणि तुमचंही. 'नेटिव्ह प्लेस' ही भारतातली इंग्रजी, मुंबईपासून चेन्नईपर्यंत सगळ्यांना कळते, इथं खुशाल वापरा. बाहेर लिहिताना 'होमटाउन' लिहा नाहीतर 'फॅमिली होम', किंवा सरळ गावाचं नाव. इंग्रजांच्या कानाला नुसतं नेटिव्ह अवघडल्यासारखं वाटतं, कारण राज्य असताना हा शब्द ते आपल्यालाच लावायचे, मुंबईत तर 1820 च्या दशकात शाळा काढणाऱ्या संस्थेचं नावच बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी होतं. त्यांनी आपल्याला नेटिव्ह म्हटलं, आपण तो शब्द उचलून गावाला देऊन टाकला, आणि आता तेच विचारतायत नेटिव्ह व्हॉट. असो.

पण ह्या 'नेटिव्हला जाणे' मागे जे आहे ते होमटाउनमध्ये येत नाही. होमटाउन म्हणजे जिथं तुम्ही वाढलात. मुंबईत जन्मलेला, मुंबईत शिकलेला पोरगा सुद्धा 'आमचं गाव मालवण' म्हणतो आणि गणपतीला तिकीट मिळत नाही म्हणून रडकुंडीला येतो, त्याचं होमटाउन लालबाग आहे आणि गाव मालवण. कोकणात ह्या लोकांना चाकरमानी म्हणतात, शब्दात चाकरी आहे पण अर्थ 'मुंबईहून येणारा आपला माणूस' असा. गोव्याच्या लोकांनी तर कमालच केली, मुंबईत धोबीतलावला आपापल्या गावाच्या नावानं कूड काढल्या, म्हणजे एकेका गावाचा क्लब, राहायला खाट, ट्रंक ठेवायला जागा, भिंतीवर देव. बोटीवर नोकरीला जाणारे खलाशी जहाज लागेपर्यंत तिथं राहायचे. जेर महाल नावाच्या एकाच इमारतीत अशा किती तरी कूड. वरच्या म्हणीला चॅलेंज आहे हे, ह्यांनी पोरगा गावातून काढला आणि गावही त्याच्याबरोबर ट्रंकेत घालून आणलं.

प्रश्न : ताई, मला वाटतं इंग्रजीत खेडूत माणसाला नावं ठेवणारे शब्द खूप आहेत, मराठी त्या बाबतीत सभ्य आहे. बरोबर ना? — एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, नाही हो. मनापासून वाटतं तुमचं खरं असावं, पण नाही.

इंग्रजीची यादी मोठी आहे हे कबूल. 'व्हिलन' म्हणजे मुळात जमीनदाराच्या वाड्याला बांधलेला शेतमजूर, सिनेमातला खलनायक नंतर झाला. 'बूर' म्हणजे उद्धट माणूस, मूळ डच शब्द शेतकऱ्याचा. 'हिक' हे रिचर्डचं लाडकं नाव, 'रूब' हे रूबेनचं, म्हणजे आपल्याकडे गण्या-पांड्या म्हटल्यासारखं. 'बूनडॉक्स' तर लांबून आणलाय, फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत बुंदोक म्हणजे डोंगर, 1899 ते 1902 च्या लढाईत अमेरिकन सैनिक त्या डोंगरात फिरले आणि येताना शब्द घेऊन आले, आता आडबाजूच्या कुठल्याही खेड्याला बूनडॉक्स. अर्थात खेड्यातली माणसं हे सगळं मुकाट ऐकून घेत होती असं नाही. 17 जुलै 1935 ला व्हरायटी ह्या सिनेमाच्या पेपरात हेडलाइन आली, 'स्टिक्स निक्स हिक पिक्स'. चार शब्द, चारीत ठक्कठक्क एकच यमक. अर्थ असा की खेड्यातले प्रेक्षक खेडवळ माणसांवरचे सिनेमे नाकारतायत. 'हिलबिली' म्हणजे डोंगरातला खेडवळ, हिणवायचा शब्द, त्या नावाच्या गाण्यांचंही तेच झालं, नाव कुणाला नको होतं, 1949 मध्ये बिलबोर्ड ह्या संगीताच्या साप्ताहिकानं गाण्यांच्या यादीला 'कंट्री अँड वेस्टर्न' नाव दिलं आणि तेच गाणं इभ्रतीचं झालं.

आणि आपण? गावंढळ, खेडवळ, अडाणी, रानटी. संस्कृत काव्यशास्त्रात 'ग्राम्य' हा काव्याचा दोष, आणि 'नागर' म्हणजे सुसंस्कृत, म्हणजे पंडितांनी हा निकाल केव्हाच लावून ठेवलेला. मुंबईत 'घाटी' ज्या आवाजात म्हणतात तो आवाज तुम्हीही ऐकला असेल, घाट चढून-उतरून पोटासाठी आलेल्या माणसाला त्याच घाटाची शिवी. 'गावंढ्या गावात गाढवी सवाशीण' ही म्हण तर बायका आणि गाव दोघांनाही एका फटक्यात घेते, मला ती कधीच हसवू शकली नाही.

एक शब्द मात्र अलीकडे उलटा फिरलाय, गावठी. माझ्या लहानपणी गावठी म्हणजे हलकं, बिनकामाचं, नाहीतर दारू. आता पुण्यात भाजीवाला 'गावठी कोथिंबीर' म्हणून जास्त पैसे घेतो, गावठी अंडी तर विचारूच नका. मागं आई बार्शीहून आली होती, फ्रीजमधला अंड्यांचा खोका हातात घेऊन बघत बसली, त्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं 'फार्म फ्रेश'. तिला म्हटलं, म्हणजे डायरेक्ट शेतातून आलेली. ती म्हणाली, मग बाकीच्यांची कुठून येतात?